उन्हाळ्यातली परसबाग: पाणी, सावली आणि सकाळचा अर्धा तास

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरामागे वीस बाय पंधरा फुटांची जागा, काळी माती, बोअरचं पाणी, शिवाय गच्चीवर काही कुंड्या. मार्चअखेरपर्यंत सगळं छान होतं. एप्रिल लागला आणि टोमॅटोची फुलं गळायला लागली, काकडी कडू निघायला लागली, भेंडीची पानं पिवळी पडली, दोडक्याच्या वेलाला फुलं भरपूर पण दोडका एकही धरत नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही दुपारी सगळी झाडं माना टाकतात. खत कोणतं घालू, असं त्या विचारतात. आणि मेच्या शेवटी दहा दिवस गावी जायचंय, तेव्हा बागेचं काय करू?

ताई, खताचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. सध्या काही घालू नका. पारा चाळिशीच्या पुढे गेला की झाडाची सगळी ताकद तग धरण्यात जाते, वाढीसाठी फारसं काही उरत नाही. अशा वेळी मुळाशी युरिया किंवा न कुजलेलं शेण पडलं तर कोवळी मुळं भाजतात. त्यातूनही जी लुसलुशीत पालवी फुटते तिच्यावर मावा आणि तुडतुडे तुटून पडतात. अगदीच राहवत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा पातळ केलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पातळ खत) द्या, तेही ओल्या मातीत आणि ऊन उतरल्यावर. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड हे सगळं जूनसाठी राखून ठेवा.

बाकीच्या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण तुमच्या वर्णनावरून वाटतं की त्यांतल्या बऱ्याचशा पाण्याच्या वेळेशी आणि पद्धतीशी जोडलेल्या आहेत. तुम्ही दुपारी बाग बघता, झाडं मलूल दिसतात, जीव कळवळतो आणि पाण्याचा पाइप हातात येतो. दुधी, दोडका, भोपळा यांची पानं मोठी आणि पातळ असतात. बारा ते चारच्या उन्हात पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं वर पोचवू शकत नाहीत, मग माती ओली असली तरी पानं लोंबतात. लोंबलेल्या पानावर ऊन कमी पडतं, म्हणजे झाड स्वतःचा बचावच करत असतं. सहा वाजता तीच पानं पुन्हा ताठ झाली तर झाडाला काहीही झालेलं नाही. अशा झाडाला दुपारी पाणी घातलं की तापलेल्या मातीत ओल साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. मग झाड खरोखरच माना टाकतं आणि आपण आणखी पाणी घालतो.

म्हणून निर्णय सकाळी घ्यायचा. साडेसहाच्या आत एक फेरी मारा आणि ऊन चढण्याआधीच कोणतं झाड मलूल आहे ते बघा. जे सकाळीसुद्धा लोंबलेलं असेल त्याच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर माती उकरून बोट दोन पेरं आत घाला. आत कोरडं लागलं तर पाणी हवंय. ओलं लागलं आणि तरीही झाड मलूल आहे, तर गडबड मुळात आहे: मर रोग, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी) किंवा पाणी जास्त होऊन सडलेली मुळं. त्या झाडाचं पाणी थांबवायचं. काळ्या मातीत ही परीक्षा जास्त महत्त्वाची आहे. ती वरून कडक आणि भेगाळलेली दिसते, पण चार बोटं खाली चांगली ओल असते. नुसतं वर बघून पाणी देणारा माणूस काळ्या मातीत नेहमीच जास्त पाणी देतो.

आता पाणी किती, हे बघू. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. आपल्याकडे मेमध्ये भरगच्च वाफ्याच्या एका चौरस मीटरमधून दिवसाला ढोबळमानाने ६ ते ८ लिटर पाणी उडून जातं. तुमची अख्खी जागा तीनशे चौरस फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. पायवाट आणि रिकामे कोपरे सोडून त्यातल्या निम्म्या जागेत भाजी असेल तर रोजची गरज शंभर लिटरच्या आसपास जाते. आच्छादन आणि सावली नीट केली तर ती बरीच खाली येते. हा आकडा यासाठी सांगितला की सकाळी पाच मिनिटं आणि संध्याकाळी पाच मिनिटं पाइप फिरवला म्हणजे पाणी झालं असं वाटतं, पण त्याने वरची दोन इंच माती फक्त ओली होते. मग मुळंही तिथेच, वरच्या थरात पसरतात, आणि सगळ्यात जास्त तापतो तोच थर. जमिनीतल्या झाडांना एक दिवसाआड, पण पोटभर पाणी द्या. माती वीतभर खोल भिजली पाहिजे. भिजली की नाही हे तासाभराने खुरप्याने उकरून एकदा बघा, म्हणजे पुढचा अंदाज आपोआप येतो. कुंड्यांचं वेगळं आहे. त्यांना रोज लागतं, आणि दहा इंचांच्या आतल्या कुंड्यांना मेमध्ये दोनदाही लागतं.

वेळ पहाटेची ते सातपर्यंतची. संध्याकाळी द्यायचं झालं तर जमीन थोडी निवल्यावर, आणि पानांवर न उडवता. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उन्हात पडलेल्या पाइपात जे पाणी उभं असतं ते हात पोळेल इतकं गरम होतं. नळ सोडला की पहिलं पाणी बादलीत घ्या, हाताला गार लागायला लागलं की मग झाडाकडे न्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीचंही तसंच. त्या टाकीचं पाणी सकाळीच वापरा, दुपारनंतर नको.

ठिबक बसवलं असेल तर ड्रिपरवर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीवर, ताशी किती लिटर ते लिहिलेलं असतं. ४ लिटरचा ड्रिपर अर्धा तास चालला की त्या झाडाला २ लिटर मिळाले. बोअरच्या क्षारांनी ड्रिपर चोंदतात, म्हणून आठवड्यातून एकदा चालू ठिबक नुसतं चालत जाऊन बघायचं. एका चोंदलेल्या ड्रिपरमुळे एक वांग्याचं झाड वाळून जातं आणि आपल्याला वाटतं रोग आला.

पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की वरवर खुरपणी करा. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात ते काळ्या मातीच्या बाबतीत तर तंतोतंत खरं आहे. भेगा बुजतात, वरचा थर मोकळा होतो, खालची ओल वर येऊन उडून जात नाही. भेग रुंदावली तर ती नुसती ओल घालवत नाही, बारीक मुळं तोडतेसुद्धा. खुरपणी झाली की लगेच आच्छादन. तुमच्या भागात उसाचं पाचट सहज मिळतं. ते हातभर लांबीचे तुकडे करून दोन-तीन इंच जाड पसरा. वाळलेली पानं, भुईमुगाची टरफलं, गहू काढल्यावरचा काड, जे हाताशी असेल ते चालतं. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर तिथे ओल राहून खोड सडतं. पाचटाला वाळवी लागते ही भीती खरी आहे. कोरड्या पाचटाला ती जास्त लागते, म्हणून पसरल्यावर एकदा चांगलं भिजवा आणि निंबोळी पेंड मूठ-मूठ भुरभुरवा. पेंड जूनसाठी राखायला सांगितली होती, तेवढी मूठभर यातून सुटली तर हरकत नाही.

वेलांसाठी मडकं पुरायची जुनी पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. भाजलेलं, रंग किंवा चकाकी न दिलेलं चार-पाच लिटरचं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाणी भरून वर झाकणी ठेवायची. त्याच्या भोवती वीतभर अंतरावर तीन-चार वेल. माती कोरडी झाली की मडक्यातून पाणी झिरपतं, ओली असली की झिरपणं मंदावतं. भर उन्हाळ्यातही दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं, एवढंच. पिण्याच्या पाण्याचा जुना माठ वापरणार असाल तर आधी भरून सावलीत ठेवा. बाहेरून अंग ओलसर झालं तर तो चालेल. क्षारांनी छिद्रं बुजलेला माठ कोरडाच राहतो, तो पुरून उपयोग नाही.

पाण्याची काटकसर करताना कोणतं पाणी घालतो तेही बघा. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी उत्तम. एसीचं ठिबकणारं पाणी चांगलंच असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं वाया जाणारं पाणी मात्र रोज घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरचं पाणी आधीच जड आहे, वर हे पडलं की कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात आणि पानांच्या कडा करपतात. कपड्यांच्या पावडरीचं पाणीही नको. मोरीचं बिनसाबणाचं पाणी अळू आणि केळीला सोडा, त्यांना ते मानवतं.

सावलीबद्दल. सगळी बाग हिरव्या जाळीखाली झाकायची गरज नाही, आणि दाट जाळीखाली भेंडी-गवार तर उंच, फिकट आणि बिनफुलाची होते. मारणारं ऊन असतं ते दुपारी दोनच्या पुढचं, पश्चिमेचं. वाफ्यांच्या पश्चिमेला तुराट्यांचा किंवा पळाट्यांचा कूड उभा करा, नाहीतर तिकडे मक्याच्या दोन ओळी लावा. जाळीच लावायची तर पालेभाज्यांवर पन्नास टक्के ऊन अडवणारी आणि मिरची-टोमॅटोवर पस्तीस टक्क्यांची, झाडांच्या डोक्यापासून निदान दोन-तीन फूट वर, म्हणजे हवा खेळती राहील. माझ्या बागेत दोडक्याचा मांडवच पालेभाज्यांचं छप्पर असतो. वर वेल, खाली कोथिंबीर आणि पुदिना. गच्चीवरच्या कुंड्या स्लॅबवर थेट ठेवू नका, विटा किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवा. काळ्या पिशव्या आणि गडद रंगाच्या कुंड्यांना बाहेरून चुना मारा. ऊन लागणाऱ्या बाजूच्या कडेची मुळं अक्षरशः शिजतात, म्हणून कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा. कडेला मोठ्या, मध्ये लहान.

टोमॅटोची फुलं गळतात त्याला औषध नाही. दिवसा पस्तीसच्या वर आणि रात्रीही चोवीस-पंचविसाच्या खाली न येणारं तापमान असलं की टोमॅटोचे पराग निकामी होतात, फळ धरतच नाही. संजीवकं (झाडाची वाढ बदलणारी औषधं) फवारून फुलं टिकवण्याच्या नादाला मी लागत नाही. जी फळं धरली आहेत ती जपा. त्यांच्यावरची पानं काढू नका, नाहीतर फळाच्या उघड्या बाजूवर ऊन लागून पांढरा चट्टा पडतो. फळाचा खालचा भाग काळा पडत असेल तर तो बहुतेक वेळा अनियमित पाण्यामुळे असतो. एकदा कोरडं आणि एकदा चिखल, अशा हेलकाव्यात चुना म्हणजे कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. खालची जुनी पानं द्रोणासारखी वर वळली असतील आणि रंग हिरवाच असेल तर ते उन्हाने. पण शेंड्याची पानं बारीक, पिवळट, चुरगळलेली झाली असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे, ते झाड उपटा. मिरचीचंही फुलगळीचं कारण तेच, उष्णता. मिरची मात्र चिवट असते, सावली आणि ओल मिळाली तर जूनमध्ये पुन्हा लगडते.

काकडी कडू होते तीही उष्णता आणि पाण्याची ओढ यांमुळे. पाणी नियमित झालं की आठ-दहा दिवसांनी धरणाऱ्या काकड्या बहुतेक गोड येतात. फळं कोवळीच तोडा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. काकडीचा कडवटपणा देठाकडचा भाग कापून काढता येतो, पण दुधी कडू लागला तर तो अख्खा टाकून द्या. शिजवायचाही नाही आणि त्याचा रस तर अजिबात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत. रस काढण्याआधी कच्च्या दुधीचा एक कण जिभेवर ठेवून बघा, कडू लागला तर थुंकून टाका. ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

दोडक्याचं आता. तुमच्या वेलाला फुलं भरपूर आहेत म्हणता, ती बहुतेक नर फुलं असणार. वेलवर्गात आधी नर फुलं येतात, आणि दिवस मोठा आणि गरम असला की त्यांचं प्रमाण आणखी वाढतं. मादी फूल ओळखायला सोपं. पाकळ्यांच्या मागे देठावर बोटाच्या पेराएवढा चिमुकला, शिरा असलेला दोडकाच असतो. नर फुलं लांब दांड्यावर घोसाने येतात, मादी एकटी. तुम्हाला मादी फुलं दिसत असतील आणि ते चिमुकले दोडके पिवळे पडून गळत असतील, तर परागीभवन होत नाहीये. इथे वेळेचा घोळ होतो. काकडी, कारलं, लाल भोपळा आणि घोसाळी सकाळी फुलतात, त्यांच्यावर मधमाश्या येतात. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात. पाचच्या पुढे दोडक्याची पिवळी फुलं उघडायला लागतात, दुधीची पांढरी फुलं तर दिवेलागणीला. त्या वेळी मधमाश्या परतलेल्या असतात. उरतात ते रात्रीचे पतंग, आणि गावात दिव्यांच्या उजेडात तेही कमीच. सकाळी हाताने परागीभवन करायला गेलं तर दोडक्याचं फूल मिटायला आलेलं असतं.

तेव्हा सहा-सातच्या सुमारास वेलापाशी जा. नुकतं उमललेलं नर फूल तोडा आणि पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका. मधला पिवळा भाग बोटाला लावून बघा, पिवळी पूड बोटाला चिकटली पाहिजे. तो भाग मादी फुलाच्या मधल्या फुगीर, ओलसर भागावर सगळीकडून हलकेच टेकवा. घासू नका. एक नर फूल दोन-तीन मादींना पुरतं. दोन-तीन दिवसांत तो चिमुकला दोडका हिरवागार होऊन लांबायला लागला की काम झालं. पराग लावलेल्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेवला की कोणता धरला ते कळतं. शेंडा खुडून फुटवे वाढवण्याची पद्धत, जिला हल्ली सगळे थ्री-जी कटिंग म्हणतात, ती मार्चमध्ये वेल आठ-दहा पानांवर असताना करायची. मेच्या उन्हात वेलाचं एकही पान मी तोडत नाही.

भेंडीचं ऐकून वाईट वाटलं, कारण तिथे फार करता येण्यासारखं नाही. पानाच्या शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, मग पुढे सगळं पानच पिवळं, असं असेल तर तो केवडा किंवा हळद्या. हाही पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूच. झाड बरं होत नाही. चार झाडांवर असेल तर ती आजच उपटून जाळा किंवा खोल पुरा, आणि बाकीच्यांमध्ये पिवळे चिकट सापळे लावा. पिवळ्या रंगाच्या पत्र्याला एरंडेल लावलं तरी चालतं. पुढच्या वेळी उन्हाळी भेंडी जानेवारी-फेब्रुवारीतच पेरा, म्हणजे माशी वाढायच्या आत अर्धी तोडणी झालेली असते. वाण परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या. दोन्ही या रोगाला तोंड देणारे म्हणून काढले आहेत. पूर्ण अभय कुणीच देत नाही. सगळी पानं नुसती फिकट आणि शिरा हिरव्याच असतील तर मात्र तो विषाणू नाही. ते पाणी साचल्याने किंवा चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने होतं, आणि पाणी आवरलं की बऱ्याचदा सुधारतं. निरोगी भेंडी दिवसाआड तोडाच. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते. एक शेंग निबर होऊन राहिली की झाड बियांच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी येतात. गवार-चवळीचंही तेच.

किडींची सकाळच्या फेरीतच झडती घ्यायची. वांग्याची, भेंडीची दोन-चार पानं उलटी करून बघा. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो तो डोळ्यांना धड दिसत नाही. पानावर बारीक फिकट ठिपके, खाली अगदी पातळ जाळं. शंका आली तर पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावरचे ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. सकाळी पाण्याचा बारीक जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने लागोपाठ काही दिवस मारा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. गंधक या हवामानात नको. पस्तीसच्या आसपास ते पानं करपवतं, आणि वेलवर्गाची तर हमखास. पिठ्या ढेकूण दिसला तर फांदीचं टोक कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, आणि मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधून तोडा. मुंग्याच त्याला जपतात. काकडी-दोडक्याला टोचा पडून फळ वाकडं होत असेल तर फळमाशी. त्यासाठी क्यूल्यूरची (वेलवर्गातल्या नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाची) गोळी असलेला सापळा लावा, आंब्याच्या फळमाशीचा सापळा इथे चालत नाही. डंख लागलेली फळं खताच्या खड्ड्यात टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून ती दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवा.

फवारणीसाठी मी निंबोळी अर्कावर भागवते. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून एक लिटर करायचं आणि चिमूटभर साधा साबण घालायचा. हा झाला पाच टक्क्यांचा अर्क. ऊन उतरल्यावर फवारा, पण दोडका-दुधीच्या उमललेल्या फुलांवर नको, त्यांची वेळ तीच असते. मेअखेर-जूनमध्ये कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या की वर्षाची सोय होते.

तुम्हाला आत्ता काही पेरायचंच असेल तर तांदुळजा, लाल माठ, राजगिरा, अंबाडी आणि मायाळू. यांना उष्णता चालते आणि तांदुळजा-माठ महिन्याच्या आत ताटात येतात. कोथिंबीर मांडवाखाली थोडी थोडी, दर पंधरवड्याला. ती लवकर फुलावर जाणारच, तेव्हा मोठा वाफा करू नका.

एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे वळीव येतो, सोबत वावटळ आणि कधी गारा. मांडवाच्या गाठी आणि वांग्या-टोमॅटोचे आधार आधीच तपासून ठेवा. वळवानंतर दुसऱ्या दिवशी मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापून टाका आणि मातीवर पापुद्रा बसला असेल तर खुरप्याने फोडा. त्या एका पावसानंतर लव्हाळा आणि हरळी वर येतात. तेव्हाच गाठीसकट काढल्या तर पावसाळाभर त्रास वाचतो.

पावसाळ्याची तयारीही याच उन्हात करायची. जो वाफा रिकामा झाला आहे तो खणून, भरपूर पाणी देऊन त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि कडा मातीने बंद करा. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकातूनच ऊन आत जाऊन माती तापते. टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी, मर रोगाची बुरशी आणि तणांचं बी यांचा यात चांगलाच नायनाट होतो. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं मेच्या तिसऱ्या आठवड्यात टाका, वर बारीक जाळी लावा म्हणजे पांढरी माशी रोपातच रोग देणार नाही. मृगाचा पाऊस स्थिरावला की ती लावायला तयार होतात. आलं-हळद अक्षय तृतीयेपासून मेअखेरपर्यंत लावून घ्या. वांग्याची जुनी झाडं उपटू नका. निरोगी असतील तर जूनच्या तोंडावर अर्ध्यावर छाटा आणि तेव्हा खत द्या, पावसात नवी फूट येऊन पुन्हा वांगी लागतात. आत्ता छाटली तर उघडी खोडं उन्हाने भाजतील.

राहिला गावी जायचा प्रश्न. जमिनीतल्या भाजीसाठी जाड आच्छादन आणि मडकी, आणि ठिबक असेल तर नळाला लावायचा बॅटरीवरचा टायमर. कुंड्या गच्चीवरून खाली आणून घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, भिंतीच्या सावलीत एकत्र लावा. मोठ्या कुंड्यांना सलाईनचा सेट कॅनला जोडून थेंब-थेंब पाणी देता येतं. लहान कुंड्यांना सुती दोरीची वात पुरते: एक टोक उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत, दुसरं कुंडीतल्या मातीत चार बोटं आत. बादलीवर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. दहा दिवस ही व्यवस्था एकटी निभावेल असं धरू नका, मधे दोनदा तरी कुणी येऊन बादल्या, कॅन आणि मडकी भरायला हवीत. सगळी मांडणी निघण्याच्या दोन दिवस आधी चालू करून बघा, कॅन किती तासांत रिकामा होतो ते तेव्हाच कळतं. प्लास्टिकखालच्या वाफ्याला काही लागत नाही. रोपांचा ट्रे मात्र शेजारी देऊनच जा, त्याला रोज पाणी लागतं. आणि ज्या शेजारणीला पाणी भरायला सांगाल तिला भेंडी, गवार आणि दोडके दिवसाआड तोडून घरी न्यायलाही सांगा. शेंगा वेलावर-झाडावर निबर झाल्या तर तुम्ही परत येईपर्यंत बहर थांबलेला असेल.